अटक आणि मृत्यू यांच्या मधली बाई

जुलै २०१९ मधली गोष्ट आहे. वर्ध्यात न्यायालयाच्या रस्त्यावर माझे टायपिंगचे टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार असली कामे मी करतो आणि उरलेल्या वेळात कायद्याची व इतिहासाची पुस्तके वाचतो. आर्वी तालुक्यातले एक शेतकरी गृहस्थ त्या दिवशी दुसऱ्यांदा आले होते. त्यांची इंजिनिअर झालेली मुलगी लग्न होऊन परदेशात गेली होती. चार महिन्यांपासून तिचा फोन बंद होता. जावई फोन उचलत, 'ती झोपली आहे' म्हणत आणि ठेवून देत. त्याआधीच्या शेवटच्या फोनवर मुलीने आईला इतकेच सांगितले होते, की पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे आणि बाहेरून कुलूप असते.

पहिल्या भेटीत मी त्यांना इंग्रजीत पत्र टाईप करून दिले होते. परदेशातल्या एका भारतीय कार्यालयाकडे ते ई-मेलने पाठवले. उत्तर सभ्य भाषेत आले. संबंधित व्यक्तीने स्वतः कार्यालयाशी संपर्क साधावा किंवा स्थानिक पोलिसांची मदत घ्यावी, असे त्यात होते. तो कागद त्यांनी टेबलावर ठेवला. शेजारी त्या दिवशीचे वर्तमानपत्र पडले होते. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भारताच्या बाजूने निकाल दिल्याची ठळक बातमी पहिल्या पानावर होती. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, ह्याले अटक झाली म्हनून सरकार थेट वरच्या कोर्टात गेलं. माह्या पोरीले अटक झाली असती त तिच्यासाठी बी कोनी गेलं असतं का?"

मी त्यांना काहीतरी धीराचे बोललो. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचे उत्तर शोधता शोधता जे वाचले, त्यातून हा लेख तयार झाला आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून देशाचे आणि कार्यालयाचे नाव लिहीत नाही. तशीही माझी तक्रार एका कार्यालयाविरुद्ध नाही.

कलम ३६ आणि कलम ३७

परदेशातल्या आपल्या नागरिकाला मदत करण्याचा देशाचा अधिकार २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या करारात लिहिलेला आहे. हा करार १९६७ मध्ये अमलात आला आणि १९७७ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच्या पाचव्या कलमात वाणिज्य दूतावासाची कामे दिली आहेत. आपल्या नागरिकांचे हित जपणे आणि त्यांना साहाय्य करणे ही त्यातली महत्त्वाची कामे. शब्द इतके रुंद आहेत की त्यात सगळे काही मावते. पण रुंद शब्दांतून कोणावर नेमके बंधन येत नाही. बंधन येते ते पुढच्या कलमांतून.

कलम ३६ सांगते, की परदेशी नागरिकाला अटक झाली, तो कोठडीत किंवा तुरुंगात गेला आणि त्याने मागणी केली, तर यजमान देशाने त्याच्या दूतावासाला विनाविलंब कळवले पाहिजे. हा हक्क आहे हेही त्याला सांगितले पाहिजे. दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याची भेट घेता येते, त्याच्यासाठी वकील पाहता येतो. मराठी वर्तमानपत्रांनी 'कॉन्सुलर ॲक्सेस' म्हणून जी गोष्ट आपल्याला शिकवली ती हीच. पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये जाधवांना फाशी सुनावली, मेमध्ये भारत हेगला गेला आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने कलम ३६ मोडल्याचे सांगितले. नागपुरात वाढलेले हरीश साळवे यांनी या खटल्यात भारताची बाजू एक रुपया मानधनावर मांडली, याचा आम्हा विदर्भातल्यांना अभिमान वाटला आणि तो योग्यच होता.

कलम ३७ त्यापुढचे आहे. परदेशी नागरिक मरण पावला तर दूतावासाला कळवा. अज्ञान मुलासाठी किंवा स्वतःचा कारभार पाहू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी पालक नेमायचा असेल तर कळवा. जहाज बुडाले, विमान पडले तर कळवा.

ही दोन कलमे मी पेन्सिलीने मराठीत उतरवून काढली तेव्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर समोर आले. मुलीला पोलिसांनी अटक केली असती, तर दूतावासाला कळवण्याची तरतूद होती. ती मेली असती, तरी होती. ती जिवंत होती आणि नवऱ्याने कोंडून ठेवलेली होती, म्हणून कळवण्याचे बंधन कोणावरच नव्हते. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कैद करणारा म्हणजे परके सरकार होते. घर हाही तुरुंग असू शकतो आणि जेलर आपल्याच देशाचा, आपल्याच जातीचा, पत्रिका जुळवून निवडलेला असू शकतो, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. अशा बाईच्या वाट्याला पाचव्या कलमातले रुंद शब्द तेवढे उरतात आणि त्यांचा व्यवहारातला अर्थ होतो, 'संबंधित व्यक्तीने स्वतः संपर्क साधावा.'

वकिलात हा आपला जुना शब्द या जागी आठवतो. पेशवाईत परदरबारी आपल्या वतीने बोलणारा तो वकील. पुढे कोर्टात आपल्या वतीने बोलणाराही वकीलच झाला. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी बोलणे हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. सरकारी मराठीने 'कॉन्सल'साठी वाणिज्यदूत हा शब्द घेतला. इतिहासाच्या दृष्टीने तो चुकीचा नाही, कारण परक्या बंदरात आपल्या व्यापाऱ्यांची काळजी घेणे हे या पदाचे मूळ कामांपैकी एक. पण कोंडलेल्या मुलीचा बाप वाणिज्यदूताकडे जात नाही. आर्वीचे ते गृहस्थ सारखे 'वकिलात' म्हणत होते आणि त्यांना काय हवे आहे ते त्या शब्दात बरोबर येत होते.

न्यूयॉर्कमधले दुसरे प्रकरण

जाधवांच्या आधी आणखी एका मराठी नावाने हा विषय आपल्या घरात आणला होता. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपवाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामासाठी भारतातून नेलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात एक पगार दाखवला आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच, खूप कमी पगाराचा करार केला, असा अमेरिकी सरकारी वकिलांचा आरोप होता. खोब्रागडे यांनी तो नाकारला. कोठडीत त्यांची कपडे उतरवून झडती घेतली गेली आणि भारतात संताप उसळला. दिल्लीतल्या अमेरिकी दूतावासासमोरचे सुरक्षा अडथळे हटवले गेले. खोब्रागडे यांची बदली संयुक्त राष्ट्रांतील भारतीय कार्यालयात झाली, त्यामुळे त्यांना पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळाले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या मायदेशी परतल्या. आरोप आधी रद्द झाले, मग मार्चमध्ये नव्याने दाखल झाले. खरे काय होते हे न्यायालयात कधीच ठरले नाही, म्हणून मीही ते ठरवणार नाही.

मला बोलायचे आहे ते आपल्या प्रतिक्रियेबद्दल. त्या झडतीचा राग रास्त होता. एका स्त्रीचा तो अपमान होता. पण त्या प्रकरणात भारतीय पासपोर्ट असलेल्या स्त्रिया दोन होत्या. दुसरी घरकाम करणारी होती. तिने जूनमध्येच ते घर सोडले होते. तिचा पासपोर्ट भारताने रद्द केला, दिल्लीत तिच्याविरुद्ध वॉरंट निघाले आणि तिच्या नवऱ्याला व मुलांना अमेरिकेनेच आपल्याकडे नेले. ती खरे बोलत होती की खोटे, हा वेगळा प्रश्न. पण मालकाविरुद्ध तक्रार असलेली एक भारतीय बाई परक्या शहरात आहे आणि तिचा मालक हाच तिच्या देशाचा दूतावास आहे, तर तिने संपर्क कोणाशी साधावा, हे आपल्या चर्चेत जवळजवळ कोणी विचारले नाही. खोब्रागडे यांच्याकडे कार्यालयातली जी खाती होती त्यात स्त्रियांचे प्रश्न हेही एक होते, असे त्या वेळच्या बातम्यांत येत असे. मी ते वाचले होते आणि पुढे गेलो होतो. माझ्या कात्रणांच्या वहीत त्या महिन्याची अकरा कात्रणे आहेत. एकही त्या दुसऱ्या बाईबद्दलचे नाही.

पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये चित्र उलटे झाले. गुरगावमध्ये एका सौदी राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरातून दोन नेपाळी स्त्रियांची पोलिसांनी सुटका केली. त्यांच्यावर अत्याचाराचे गंभीर आरोप होते. नेपाळच्या दूतावासाने तक्रार नेटाने लावून धरली होती. अधिकारी राजनैतिक संरक्षणाखाली देश सोडून गेला. या वेळी यजमान आपण होतो. या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. घराच्या दाराआत जे घडते त्याबद्दल राज्ये फार हळू बोलतात आणि दारावर राष्ट्राचे निशाण असेल तर आणखी हळू.

स्थलांतरित कोण?

वर्ध्यात बसून या विषयाकडे पाहताना गिरमिट आठवल्याशिवाय राहत नाही. सेवाग्राम येथून आठ किलोमीटर. तिथे येऊन राहण्याच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेत आणि परतल्यावर इथे, गांधीजींनी गिरमिट प्रथेविरुद्ध लढा दिला होता. मजुरांची जहाजे भरताना शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया हव्यात असा नियम होता. त्या स्त्रियांचे मळ्यांवर काय झाले, हे भारताला ठळकपणे कळले ते फिजीतल्या कुंतीमुळे. १९१३ मध्ये मुकादमाच्या हल्ल्यातून सुटण्यासाठी तिने नदीत उडी घेतली. कलकत्त्याच्या 'भारतमित्र'मध्ये तिची हकीकत छापून आली आणि देश हादरला. चौकशी झाली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तरी १९१७ मध्ये मजूरभरती थांबली, त्यात तिच्या त्या हकीकतीचा वाटा होता.

त्या काळाचे एक पद अजून जिवंत आहे. त्याचे नाव 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', म्हणजे देशाबाहेर कामाला जाणाऱ्यांचा संरक्षक. आज ते १९८३ च्या स्थलांतर कायद्याखाली चालते. या कायद्याची व्याख्या वाचताना मी थबकलो. नोकरीसाठी देशाबाहेर जाणारा नागरिक म्हणजे स्थलांतरित. पण त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती, ती बरोबर जावो की मागाहून, या व्याख्येतून वगळलेली आहे. म्हणजे लग्न होऊन परदेशी गेलेली मुलगी आपल्या कायद्याच्या लेखी स्थलांतरित नाही. नवरा स्थलांतरित, ती त्याच्या सामानासोबत.

ज्या स्त्रिया व्याख्येत बसतात त्यांची कथा वेगळी. आखाती देशांसह अठरा देशांत जाण्यासाठी कमी शिकलेल्या कामगारांना परवानगी लागते. तिथे घरकामासाठी जाणाऱ्या बाईचे वय तीसच्या खाली असेल तर परवानगी मिळत नाही. २०१६ पासून तर ही भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच व्हावी असा नियम झाला. हेतू संरक्षणाचा आहे. परिणाम असा होतो, की गरजू बाई दलालाच्या सांगण्यावरून पर्यटक व्हिसावर जाते. तिथे तिची नोंद नसते, करार नसतो आणि तक्रार करायला गेली तर आधी तिच्याच बेकायदा वास्तव्याचा प्रश्न निघतो. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा करार, क्रमांक १८९, भारताने अजून मान्य केलेला नाही. आपल्याच घरातल्या मोलकरणीला कामगार म्हणायला आपण तयार नाही, तर रियाधमधल्या मालकाला ते कोणत्या तोंडाने सांगणार?

रुपये आणि डॉलर

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नवऱ्यांनी टाकलेल्या स्त्रियांना परदेशात कायदेशीर मदत देण्याची योजना २००७ मध्ये आली. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीय विवाहांसाठी २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे. त्याच वर्षी भारतीय समुदाय कल्याण निधी सुरू झाला. २०१५ मध्ये 'मदद' हे ऑनलाइन तक्रारीचे व्यासपीठ आले. जानेवारी २०१५ ते नोव्हेंबर २०१७ या १,०६५ दिवसांत परराष्ट्र मंत्रालयाकडे अशा विवाहित स्त्रियांच्या ३,३२८ तक्रारी आल्या. दर आठ तासांच्या आत एक. माझे टेबल सकाळी दहाला उघडते आणि सहाला बंद होते, तेवढ्या वेळात एक.

योजनेतली रक्कम २०११ मध्ये विकसित देशांसाठी ३,००० डॉलर आणि विकसनशील देशांसाठी २,००० डॉलर झाली. पुढे ही मदत कल्याण निधीत गेली आणि २०१७ च्या नियमांत कमाल मर्यादा ४,००० डॉलर झाली. पैसे बाईच्या हाती येत नाहीत. तिचा खटला घेणाऱ्या, दूतावासाच्या यादीतल्या वकिलाला किंवा संस्थेला मिळतात. तिकडच्या वकिलाचा दर ताशी ३०० डॉलर धरला, तर हे तेरा तासांचे काम झाले. घटस्फोट, पोटगी, मुलाचा ताबा, व्हिसाचा प्रश्न, सगळे तेरा तासांत. आणि हा निधी उभा राहतो तो मुख्यतः परदेशस्थ भारतीयांकडून पासपोर्ट-व्हिसाच्या कामांवर घेतलेल्या दोन-तीन डॉलरच्या अधिभारातून. तिच्या पासपोर्टावर कधीतरी तिनेच ते भरलेले असतात. म्हणून ही मदत मागताना तिला याचक ठरवण्याचे कारण नाही.

पण पैसा हा या योजनांचा मुख्य दोष नाही. या सर्व सोयी ज्या बाईने दार ओलांडले आहे तिच्यासाठी आहेत. ज्या मुलीजवळ फोन नाही तिला 'मदद' उघडता येत नाही. अमेरिकेचे उदाहरण घ्या. १९९४ च्या तिथल्या कायद्याने छळ सोसणाऱ्या पत्नीला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःचा निवासाचा अर्ज करता येतो. मात्र नवरा अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी असेल तरच. आपल्या बहुतेक मुली जातात त्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरच्या नवऱ्याच्या आश्रित म्हणून. त्यांच्यासाठी हे दार बंद आणि दुसरी दारे फार अरुंद. तिथे राहण्याचा तिचा हक्कच नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. हे ज्यांनी आधी ओळखले ते दूतावास नव्हते. १९८५ मध्ये न्यू जर्सीत 'मानवी' आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सखी' या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संस्था सुरू झाल्या. वकिलातीचे काम, जुन्या अर्थाने, त्या करू लागल्या.

परतीचा कागद

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. सप्टेंबरमध्ये एका दुपारी नवरा कुलूप लावायला विसरला. ती इमारतीच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत गेली आणि तिथे आलेल्या अनोळखी बाईचा फोन मागून घेतला. तिथल्या एका महिला संस्थेने तिला नेले. त्यानंतर मात्र भारतीय कार्यालयाने विलंब लावला नाही. सुट्टीच्या दिवशी एक अधिकारी कार्यालय उघडून आला, आणीबाणीचे प्रवासपत्र दिले, तिकिटाचीही व्यवस्था केली. माणसे वाईट नव्हती. नियमाने त्यांना जिथून काम सुरू करायला सांगितले होते तिथून त्यांनी चांगले काम केले. प्रश्न त्या आधीच्या सहा महिन्यांचा आहे.

ते प्रवासपत्र एकाच प्रवासाचे असते, फक्त भारताकडे. फाईलच्या दृष्टीने ती परतली आणि प्रकरण संपले. बाईच्या दृष्टीने तिथून दुसरे सुरू होते. पुरावे तिकडे, साक्षीदार तिकडे, नवरा तिकडे. तिच्यामागे तो तिथल्या न्यायालयातून एकतर्फी घटस्फोट घेऊ शकतो. मूल असेल तर प्रश्न आणखी बिकट. मुलाला घेऊन आली तर तिकडे तिच्यावर अपहरणाचा ठपका येतो, न आणले तर मूल जाते. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधी १९८० च्या हेग करारात भारत नाही आणि त्यात जावे की नाही यावर मतभेद आहेत. करारात गेलो तर छळातून पळालेल्या आईलाच मूल परत पाठवावे लागेल, ही स्त्रीसंघटनांची भीती खोटी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ रोजी एक मोठा अडसर दूर केला. सासर सोडून बाई जिथे आश्रयाला आली, तिथेही छळाचा गुन्हा नोंदवता येतो, असे ठरले. म्हणजे वर्धा जिल्ह्यातले पोलीस ठाणे तिला 'जिथे घडले तिथे जा' म्हणू शकत नाही. पण समन्स बजावायचे कसे? त्यासाठीच ११ फेब्रुवारी २०१९ रोजी राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचे विधेयक मांडले गेले होते. तीस दिवसांत लग्नाची नोंद, न केल्यास पासपोर्ट जप्तीची शक्यता आणि मंत्रालयाच्या संकेतस्थळावर समन्स टाकले की ते बजावले असे धरणे, या त्यातल्या मुख्य तरतुदी. पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, विधी आयोगाला आपल्या २८७ व्या अहवालात सर्वसमावेशक कायद्याची शिफारस पुन्हा करावी लागली. आर्वीच्या मुलीच्या नवऱ्याने पत्ता बदलला आहे. तिची नोटीस दोनदा परत आली.

फिलिपाइन्सने काय केले

१९९५ मध्ये सिंगापूरला फिलिपाइन्सच्या एका घरकामगार स्त्रीला फाशी झाली. देश रस्त्यावर आला आणि त्याच वर्षी तिथे परदेशी काम करणाऱ्यांसाठी कायदा झाला. ज्या देशांत आपले कामगार मोठ्या संख्येने आहेत, तिथल्या दूतावासात साहाय्य केंद्र असलेच पाहिजे, स्त्रियांच्या गरजांसाठी खास कार्यक्रम असले पाहिजेत आणि जास्त अडचणीच्या देशांत ते केंद्र चोवीस तास उघडे राहिले पाहिजे, असे त्या कायद्यातच लिहिले. आपल्याकडे या गोष्टी योजना आणि परिपत्रकांत असतात. तिथे मदत हे दूतावासाचे कायदेशीर कर्तव्य झाले. त्या व्यवस्थेतही काळे कोपरे निघाले. २०१३ मध्ये आखातातल्या काही फिलिपिनो अधिकाऱ्यांवर, परतीच्या तिकिटाच्या बदल्यात आश्रयाला आलेल्या स्त्रियांकडून शरीरसुखाची मागणी केल्याचे आरोप झाले. म्हणजे केवळ आश्रयगृह उघडून भागत नाही, त्यावर बाहेरचा डोळाही लागतो.

२०२१ मध्ये आपल्या सरकारने परदेशातल्या काही दूतावासांत 'वन स्टॉप सेंटर' काढण्याची घोषणा केली. आखाती देशांबरोबर कॅनडा आणि सिंगापूरही त्या यादीत होते. हेच केंद्र २०१५ पासून 'सखी' या नावाने आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. कल्पना चांगली आहे. पण इथल्या केंद्रात पोलिसांकडून, दवाखान्यातून, शेजाऱ्याच्या फोनवरूनही बाई येऊ शकते. परदेशातल्या केंद्राला हात लांब करावा लागेल. कोणाही दूतावासाला परक्या देशात कुलूप तोडता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण वडिलांचे पत्र तक्रार म्हणून स्वीकारता येते. त्याच दिवशी स्थानिक पोलिसांना 'जाऊन ती सुखरूप आहे का ते पाहा' असे लेखी कळवता येते. अमेरिकेचे दूतावास आपल्या नागरिकांच्या नातलगांसाठी अशी खुशालीची चौकशी नेहमीचे काम म्हणून करतात. काय केले याची नोंद पत्र लिहिणाऱ्याला ठरावीक दिवसांत देता येते. याला नवा आंतरराष्ट्रीय करार लागत नाही. पाचव्या कलमातल्या रुंद शब्दांचा खरा अर्थ लावायची इच्छा लागते.

आपला वाटा

हे सगळे सरकारवर टाकून लेख संपवणे सोपे आहे. पण माझ्या कपाटात तीस वर्षांचे दिवाळी अंक आहेत आणि या लेखासाठी मी ते पुन्हा चाळले. परदेश त्यात भरपूर आहे. हिमवर्षाव, मराठी मंडळांचे गणपती, आजीआजोबांची सहा महिन्यांची फेरी, मुलांना मराठी येत नाही याची हळहळ. त्यातले काही लेखन उत्तम आहे. पण कुलूपबंद घरातली मुलगी मला त्यात क्वचितच भेटली. तिच्याबद्दल आपण कुजबुजतो, लिहीत नाही. त्याच अंकांच्या मागच्या पानांवर आणि आपल्या वधूवर मेळाव्यांत 'परदेशस्थ स्थळ' हा गुण म्हणून छापला जातो. एकरभर शेत घेताना आपण सातबारा, फेरफार, चतुःसीमा पाहतो. जावयाच्या परदेशातल्या नोकरीचा, व्हिसाचा, आधीच्या लग्नाचा एक कागद मागायला लाजतो. त्या गृहस्थांनी मागितला नव्हता. मीही माझ्या पुतणीच्या वेळी मागितला नव्हता. ती सुखात आहे, हा आमचा नशिबाचा भाग.

ती मुलगी आता वर्ध्यात नोकरी करते. हा लेख छापण्याआधी मी तिला वाचून दाखवला. कलम ३६ आणि ३७ चा भाग तिने पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "काका, एक सुधारा. मी संपर्क साधला होता. बाबांना सांगितलं होतं. माझ्याजवळ तेवढंच होतं."

मी सुधारणा केली नाही. तिचे वाक्य तसेच इथे देतो आहे. वडिलांचे ते पत्र हाच तिचा संपर्क होता आणि तो एप्रिलमध्येच पोहोचला होता.